वतन नसलेल्यांची वंशावळ

इंग्लंडातील एखाद्या शेतकऱ्यास आपल्या खापरपणजोबाचा ठाव लावावयाचा झाला, तर त्याला फारशी वणवण करावी लागत नाही. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने 1538 साली फर्मान काढले, की प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका देवळाच्या आधीन असलेल्या गाव-वस्त्यांच्या, पाद्र्याने बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांची वही ठेवून तीत दर आठवड्यास नोंद करावी. आणि पुढे राजे आले-गेले, यादवीत कित्येक ठिकाणी वह्यांत खंडही पडला, तथापि तो परिपाठ मोडला नाही. जमीनदार आणि त्याचा गुराखी, दोघेही एकाच वहीत लिहिले गेले. सेल्बोर्नच्या गिल्बर्ट व्हाइटने 1789 साली आपल्या एवढ्याशा गावच्या पक्ष्यांबरोबर तेथील पुरातन अवशेषांचाही वृत्तांत ग्रंथरूप केला. ग्रामेतिहासाची जी हौस तिकडे पुढे फोफावली, तिला खतपाणी या वह्यांनीच घातले.

आमच्या गावांना दप्तर नव्हते असे म्हणणे हा शुद्ध खुळेपणा होईल. मलिक अंबरने खडकी वसवली, औरंगजेबाने तिचे औरंगाबाद केले आणि पुढे निजामाचा अंमल बसला, तरी मौजे-मौजेचे कुलकर्णी आपापल्या दप्तराचे रुमाल सोडीत आणि बांधीत राहिले. परंतु पाद्र्याची वही माणूस जन्मला एवढ्याच कारणाने लिहिली जाई. आमचे दप्तर माणसाकडे हक्क, जमीन वा देणे निघाले म्हणजेच त्याची दखल घेई. म्हणूनच आमच्या घराण्यांचे इतिहास हे बहुतांशी तंट्यांचे इतिहास आहेत. पाटीलकीत वडीलपणा कोणाचा, पोळ्याला पुढचा बैल कोणाचा, होळीला पहिली पोळी कोणाची, यावरून भाऊबंद हमरीतुमरीवर येत आणि गोत जमून महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. त्या महजरात प्रथम हाजीर मजालसींची, म्हणजे सभेस हजर असलेल्यांची, नावे गावांसह येत. मग वादी-प्रतिवादी आपापल्या करीन्यात, म्हणजे लेखी हकिकतीत, मूळ पुरुषापासून पिढ्या सांगत, कोणी वारला, कोणी दुष्काळात परागंदा झाला, कोणी परत येऊन शेत वाहू लागला, सारे ओघाने येई. हरलेला हार कबूल करणारे यजितखत लिहून देई आणि खाली साक्षीदारांच्या निशाण्या पडत: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. जो पूर्वज भांडला नाही त्याचे नाव राहिले नाही, असा हा विलक्षण न्याय आहे. सालस माणसांवर इतिहासाने केलेला हा अन्याय मला नेहमीच खटकत आला आहे.

वेरूळच्या पाटीलकीचे बाबाजी भोसले आज आपल्यास ठाऊक आहेत, ते त्यांचे पुत्र मालोजी आणि विठोजी निजामशाहीत नावारूपास आले आणि मालोजींच्या नातवाने राज्य स्थापिले म्हणून. त्याच शिवारात मिरासदारांच्या, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धारण करणाऱ्यांच्या, शेजारी बाहेरून आलेली उपरी कुळेही नांगर धरीत होती. त्यांच्यापाशी वतन नव्हते, म्हणून त्यांचा करीनाही नाही. स्त्रियांची गत याहून निराळी नव्हे. विधवेच्या नावे जमीन चढली, तर ‘अमुकी कोम अमुका’ एवढ्यापुरती ती कागदावर उमटे आणि वारस आला की पुसली जाई.

या नियमास एक मोठा अपवाद आहे, आणि तो सरकारी नाही. त्र्यंबकेश्वरी गेलेल्या यजमानास त्याचा तीर्थोपाध्याय आडनाव आणि मूळ गाव विचारतो, लांबोडकी वही काढतो आणि आजा-पणजांची नावे वाचून दाखवितो. मग यजमान आपले, भावांचे, मुलांचे, पुष्कळदा आईचे आणि बायकोचेही नाव सांगून खाली सही करतो. पैठणच्या घाटावरही हीच रीत. येथे हक्काचा प्रश्नच नसतो. श्राद्धास नावे हवीत, एवढेच निमित्त. अमेरिकेच्या युटा प्रांतातील वंशावळ-संस्थेने इंग्लंडच्या पॅरिश-वह्यांप्रमाणेच हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांचीही सूक्ष्मचित्रे घेतली, ती उगीच नव्हेत. अर्थात ही वहीदेखील सर्वांसाठी उघडी नव्हती: ज्यांना घाटाची पायरीच वर्ज्य होती, त्यांचे पूर्वज तीत कोठून सापडणार?

पुन्हा सरकारी दप्तराकडे वळू. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा मराठवाड्यातील खेडोपाडीच्या लोकांना खासरा पत्रक, पाहणी पत्रक, 1951 चे राष्ट्रीय रजिस्टर, जन्ममृत्यूचा गाव नमुना 14 ही नावे प्रथमच तोंडपाठ झाली. जुने दप्तर कोठे उर्दूत, कोठे मोडीत; वाचणारे मोजके. दाखल्यांच्या मागणीच्या गुणदोषांत मी शिरत नाही. परंतु पणजोबाचे नाव शोधीत तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षाशी इतके लोक एकाच वेळी रांग लावून उभे राहिल्याचे दृश्य या प्रांतात पूर्वी कधी दिसले नव्हते, आणि तेही हक्काच्याच पाठीमागे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता औरंगाबादेजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराजवळच्या, बजाजनगराकडे पाहावे. वडगाव कोल्हाटी, जोगेश्वरी, रांजणगाव शेणपुंजी, छोटे पंढरपूर अशा गावांच्या शिवारांवर वाळूजची औद्योगिक वसाहत उभी राहिली, 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि बीड, जालना, परभणीपासून खानदेश-विदर्भापर्यंतची माणसे येथे बिऱ्हाड करून राहिली. जुन्या परिभाषेत बोलायचे तर हे नगर सगळेच उपऱ्यांचे. येथल्या घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास प्रत्येक घराकरिता निराळ्या तालुक्याची वाट धरावी लागेल. मूळ गावाचा सातबारा भावाच्या ताब्यात, जत्रेला जाणे वर्षातून एकदा. येथे जन्मलेल्या मुलांची नोंद मात्र ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत आहे, बापाला शेत असो वा नसो, आणि आईच्या नावासह. क्रॉमवेलच्या पाद्र्याने जे केले तेच आज ग्रामपंचायतीचा अधिकारी करतो. तेवढ्यावर मात्र भागणार नाही. ज्यांची शेते संपादनात गेली, त्या मूळ गावकऱ्यांचा मागमूस फेरफाराच्या नोंदींत उरला आहे: खातेदारांची नावे कमी होऊन औद्योगिक विकास महामंडळाचे नाव लागले, गट क्रमांक गेले आणि प्लॉट क्रमांक आले. कोणत्या भूखंडाखाली कोणाची विहीर होती, कोणत्या पट्टीला घरात काय म्हणत, हे सांगू शकणारी वृद्ध मंडळी अजून या गावांत आहेत. त्यांच्यासमोर फेरफाराच्या नकला आणि जुना गाव नकाशा घेऊन कोणीतरी बसले पाहिजे, आणि हे काम येत्या दोन-चार वर्षांतच व्हावयास हवे.