घरांतील सांठवण आणि जागेचा हिशेब

घर लहान पडतें, ही तक्रार शहरांतील बहुतेक प्रत्येक कुटुंबांत ऐकूं येते. बिऱ्हाड दोन खोल्यांचें असो वा चार खोल्यांचें, वस्तू ठेवावयास जागा पुरत नाहीं. मग कपाटावर पेट्या चढतात, पलंगाखालीं डबे सरकविले जातात, आणि माळ्यावर काय आहे हें घरच्या माणसांसही सांगतां येत नाहीं. परंतु जागा खरोखरच कमी आहे, कीं जागेचा हिशेब चुकला आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो हिशेब कसा करावा हें समजून घेण्यास मराठवाड्यांतील जुनें घर फार उपयोगी पडतें.

परभणी जिल्ह्यांतील मानवत हें गोदावरीच्या खोऱ्यांत, काळ्या जमिनीच्या मुलखांत वसलेलें बाजारपेठेचें गांव. कापसाच्या व्यापाराकरितां तें प्रसिद्ध आहे. पण या मुलखाचें रोजचें अन्न म्हणजे ज्वारी. येथील पाऊस बेभरंवशाचा. १९७२ च्या दुष्काळानें मराठवाड्याची काय दशा केली, हें जुन्या पिढीस पुरतें ठाऊक आहे. अशा प्रदेशांत एका हंगामाचें धान्य पुढील हंगामापर्यंत, आणि साधल्यास त्याच्याही पलीकडे, टिकविणें ही केवळ टापटिपीची बाब नव्हती. तो जगण्याचा प्रश्न होता. म्हणूनच मानवतसारख्या गांवांतील जुन्या माळवदी घरांत सांठवण ही मागाहून सुचलेली गोष्ट नसे. भिंत उभी राहतांनाच तिची योजना होई.

त्या घरांत प्रत्येक जिनसेला तिच्या स्वभावाप्रमाणें जागा असे. जाड भिंतींच्या मध्यें धान्यासाठीं जो बंद कप्पा बांधीत, त्यास बळद म्हणत. बांबूच्या कांबींची किंवा तुराट्यांची विणलेली, शेणमातीनें लिंपलेली कणगी जमिनीवर न टेकवितां दगडांवर उभी करीत. त्यामुळें तिला खालून ओल चढत नसे. उतरंडींत एका मडक्याच्या जागेंत पांच-सात मडकीं राहत. नित्य लागणारा जिन्नस वरच्या गाडग्यांत, क्वचित लागणारा तळाच्या मडक्यांत. दूध-लोणी शिंक्यावर, कारण तेथें मांजराची व मुंगीची वाट बंद होई. दिवा कोनाड्यांत, अंगावरचें वस्त्र खुंटीला, पोथ्या व हिशेबाच्या वह्या फडताळांत. यांत शोभेचा विचार थोडा आणि उपयोगाचा फार होता.

सर्वांत विचार करण्याजोगी योजना पेवाची. गांवाच्या कठीण पांढरींत अरुंद तोंडाचा व रुंद पोटाचा खड्डा खणीत, त्याला आंतून कडब्याचें अस्तर देत, ज्वारी भरीत आणि तोंडावर शिळा ठेवून तें मातीनें लिंपून टाकीत. धान्य हें सजीव असतें. तें अत्यंत मंद गतीनें श्वासोच्छ्वास करतें. बंद पेवांतील प्राणवायु हळूहळू संपतो, कर्बद्विप्राणिल वायु वाढतो आणि धान्यांतील कीड गुदमरून मरते. म्हणजे एकही औषध न घालतां धान्य सुरक्षित राहतें. पण जो वायु किडीस मारतो तो माणसासही सोडीत नाहीं. हा वायु हवेहून जड असल्यामुळें तळाशीं सांचून राहतो, आणि पेव उघडतांच घाईनें आंत उतरलेलीं माणसें प्राणास मुकल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून पेव उघडल्यावर त्यास पुष्कळ वेळ वारा लागूं देण्याची आणि आंत दिवा सोडून पाहण्याची रीत पडली. पेवाचें दुसरें पथ्य कोरड्या जमिनीचें. सांगलीजवळ हरिपूर येथें हळदीचीं पेवें प्रसिद्ध आहेत. २००५ च्या महापुरांत पाणी शिरून त्यांचें मोठें नुकसान झालें. सांठवणीची युक्ति कितीही उत्तम असली, तरी ती स्थळ पाहूनच योजावी लागते.

या सर्व योजनांच्या मुळाशीं दोनच प्रश्न आहेत. पहिला, या वस्तूचा शत्रु कोण? ओल, कीड, उंदीर, धूळ, ऊन, कीं लहान मुलाचा हात? दुसरा, या वस्तूला हात किती वेळां लागतो? या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं कीं वस्तूची जागा आपोआप ठरते. हल्लींच्या घरांत मात्र प्रश्न एकच विचारला जातो : रिकामी जागा कोठें आहे? मग वर्षानुवर्षें न लागणारी वस्तु हाताशीं राहते, आणि रोजची वस्तु शोधण्यांत सकाळ जाते.

आतां जागेचा खरा हिशेब पाहूं गेलें तर आश्चर्य वाटतें. एक क्विंटल ज्वारी सुमारें ५ घनफूट जागेंत मावते. एका माणसास दिवसाला ३०० ग्रॅम धान्य धरलें, तर पांच माणसांच्या कुटुंबास वर्षाला साडेपांच क्विंटलांच्या आसपास धान्य लागतें. त्यास जागा लागते सुमारें २७ घनफूट, म्हणजे तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच! ज्यावर कुटुंबाचें वर्षाचें पोट भरतें तें सारें धान्य एका कोपऱ्यांत बसतें. याचा अर्थ घर भरून टाकतें तें अन्न नव्हे. तीं फुटक्या बादल्या, रिकाम्या बरण्या, बंद पडलेलीं यंत्रें आणि कधीं तरी उपयोगीं पडतील म्हणून जपलेलीं खोकीं होत.

म्हणून नवीन कपाट आणण्यापूर्वीं जुन्या वस्तूंची छाननी करावी. दिवाळीची आवराआवर ही त्याची योग्य वेळ. एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत जिला एकदांही हात लागला नाहीं, अशी वस्तु वेगळी काढावी. कागदपत्रें, औषधोपचाराचीं टिपणें आणि वडिलांची एखादी आठवण यांना हा नियम अर्थातच लागू नाहीं. बाकीच्यांपैकीं चालण्याजोगें असेल तें गरजूला द्यावें, मोडकें असेल तें मोडींत घालावें. मंगलकार्यास लागणारीं मोठीं भांडीं पूर्वीं आळींत एकमेकांकडून आणीत. आजही दोन-तीन नातलगांच्या घरांत मिळून एक संच पुरेसा होतो.

उरलेल्या वस्तूंची मांडणी हातानें मोजून करावी. कमरेपासून डोळ्यांपर्यंतची जागा घरांतील सर्वांत मोलाची; ती रोजच्या वस्तूंनाच द्यावी. जड वस्तु कमरेखालीं, हलकी व क्वचित लागणारी डोक्यावर. पितळेचे हंडे माळ्यावर चढविले म्हणजे सणाच्या दिवशीं घरांतील बाईस स्टुलावर उभें राहून ते उतरावे लागतात. जागा वांचते, पण हाडे मोडण्याची भीति वाढते. माळ्यावर काय ठेविलें आहे त्याची यादी दाराच्या आंतल्या बाजूस चिकटवावी. नवा माल मागें आणि जुना पुढें ठेवावा, म्हणजे डब्याच्या तळाशीं मागच्या वर्षीची डाळ सडत पडत नाहीं.

धान्य भरतांना तीन गोष्टी पाळाव्यात. तें कडकडीत उन्हांत वाळवावें, पण तापलेलें असतांना कोठींत भरूं नये. निवतांना त्यांतील वाफ आंतच कोंडून ओल धरते. दाणा दांतांखालीं कडक वाजला पाहिजे. ओलावा दहा-बारा टक्क्यांवर गेला कीं किडीला फावतें. आणि पत्र्याची कोठी फळीवर, भिंतीपासून चार बोटें दूर ठेवावी.

कीड लागूं नये म्हणून विषारी वायु सोडणाऱ्या गोळ्या धान्यांत टाकण्याची पद्धति मात्र कित्येक घरांत शिरली आहे, आणि ती अत्यंत घातक आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीस हवेंतील ओलावा लागला कीं फॉस्फीन नांवाचा वायु सुटतो. तो गोदामांत जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं वापरावयाचा आहे. राहत्या घरांत तो दाराच्या फटींतून शेजारच्या खोलींत जातो, आणि तेथें निजलेल्या माणसांचे, त्यांतही लहान मुलांचे, प्राण घेतो. अशीं कुटुंबें दगावल्याच्या बातम्या पुनःपुन्हां येतात. पेव उघडल्यावर थांबण्याची सावधगिरी जुन्या लोकांपाशीं होती. पेवाहूनही भयंकर वायु निजावयाच्या खोलीशेजारीं मोकळा सोडणें हें शहाणपणाचें नव्हे. वर्षाचें धान्य निर्धोकपणें राखणें जमत नसेल, तर दोन महिन्यांचेंच आणावें आणि घट्ट झांकणाच्या कोरड्या डब्यांत भरावें. बाजार दाराशीं असलेल्या शहरांत त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

मानवतच्या जुन्या घरांत बळद व कणगी यांना जागा मिळाली, ती त्या काळची गरज ओळखून. आजच्या गृहिणीची व गृहस्थाची गरज निराळी आहे, आणि म्हणून त्यांची मांडणीही निराळीच असणार. परंतु वस्तूचा शत्रु आणि वस्तूची गरज या दोहोंकडे पाहून तिचें स्थान ठरविण्याची ती जुनी दृष्टि घेतली, तर दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतही धान्य कोरडें राहील, हवी ती वस्तु अंधारांतही हाताला लागेल आणि माणसांना वावरावयास जागा उरेल.