पाऊस एक, ठोके तीन

"घाटातला पाऊस तो! आकडा मोठाच येणार."

फोंडाघाटला हे सहज पटते. देवगड–निपाणी रस्ता इथूनच सह्याद्री चढू लागतो आणि समुद्रावरचे ढग याच कड्याला अडतात. त्यामुळे स्वयंचलित पर्जन्यमापकाने शेजारच्या गावाहून बराच जास्त पाऊस दाखवला तरी शंका येत नाही. पण हे यंत्र ठोके मोजते. 0.2 मिलिमीटर पाऊस साठला की आतले छोटे पात्र कलंडते, चुंबक रीड स्विचसमोरून जातो आणि एक ठोका पडतो. स्विचच्या पात्या मिटताना क्षणभर थडथडतात. ही थडथड गाळली नाही, तर एकाचे दोन-तीन ठोके होतात. वेळेसकट नोंद असेल तर चोरी लगेच सापडते. दोन ठोक्यांत 5 मिलिसेकंदांचे अंतर म्हणजे ताशी 144 मीटर पाऊस. मीटर! एवढा सह्याद्रीतही पडत नाही.

"कपॅसिटर लावला की काम फत्ते."

अर्धे खरे, म्हणूनच फसवे. 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून थडथड गिळतात. ताशी 100 मिलिमीटरच्या पावसातही दोन ठोक्यांत सात सेकंद जातात, तेव्हा काही मिलिसेकंदांच्या उशिराने बिघडत नाही. बिघडते ते पुढे. सिग्नल आता सावकाश चढतो आणि तो वाचणाऱ्या साध्या लॉजिक गेटला ते मानवत नाही. 74एचसी मालिकेतल्या अशा गेटला 4.5 व्होल्टवर हा बदल 500 नॅनोसेकंदांत उरकलेला लागतो. इथे तो हजारो पट लांबतो. 0 आणि 1 यांच्या मधल्या व्होल्टेजला गेट ॲम्प्लिफायरसारखे वागते, पुरवठ्यातला बारीकसा गोंगाटही मोठा करते आणि आउटपुट वरखाली नाचू लागते. मल्टिमीटरवर यातले काहीच दिसत नाही. मग बिचारा स्विच बदलला जातो.

"श्मिट ट्रिगर असताना कपॅसिटर कशाला?"

ओटो श्मिट यांनी 1934 साली, विद्यार्थीदशेत, माकुलाच्या मज्जातंतूंचा अभ्यास करताना हे सर्किट शोधले. चढत्या सिग्नलसाठी एक उंबरठा, उतरत्यासाठी त्याहून खालचा. 5 व्होल्टवरच्या 74एचसी14मध्ये दोहोंत साधारण एका व्होल्टचे अंतर असते. त्याहून लहान गोंगाटाला आउटपुट दाद देत नाही, म्हणून हा सर्वरोगहर उपाय वाटतो. पण थडथडणारी पाती थेट 0 ते 5 व्होल्ट उड्या मारते आणि श्मिट ट्रिगर प्रत्येक उडी इमानाने पुढे पाठवतो. आधी रेझिस्टर-कपॅसिटर, मग श्मिट ट्रिगर, अशी जोडीच लागते.

"प्रोग्रॅममध्ये निस्तरता येते."

थडथड, हो. एक ठोका धरून पुढचे 50 मिलिसेकंद कानाडोळा केला की झाले. मात्र वळवाच्या पावसात वीज कडाडली की लांब केबलमध्ये क्षणिक झटका उमटतो आणि असा प्रोग्रॅम त्यालाच पहिला ठोका समजतो. काही मिलिसेकंदांनी पुन्हा पाहून स्विच अजून मिटलेला असेल तरच ठोका मोजावा. झटका मोठा असेल तर मायक्रोकंट्रोलरची पिनच जळते. तिथे केबलच्या तोंडाशी सर्ज प्रोटेक्टर हवा.