वृद्धांचे आरोग्य : संशोधनावर पैसा कशासाठी?



एक हेक्टरच्या चौरस शेताला बांधावरून एक फेरा मारला की ४०० मीटर अंतर होते. माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यापर्यंत ते रोज सकाळी हा फेरा मारीत. या रब्बीत मात्र ते निम्म्या वाटेवर टेकू लागले. आजार म्हणावा तर काही नाही. पण पाण्याची पाळी द्यायला आता दुसरा माणूस लागतो. विषय कृषिविद्येचा नव्हे, तरी त्यानिमित्ताने जे वाचले ते आपणापुढे ठेवीत आहे.

वैद्यकीय संशोधकांनीही नेमके हेच अंतर निवडले होते. अमेरिकेत आठ केंद्रांवर ७० ते ८९ वर्षे वयाच्या, बैठे आयुष्य असलेल्या १,६३५ व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आठवड्यास १५० मिनिटे चालणे हे लक्ष्य, शिवाय पायांची ताकद व तोल वाढविणारे व्यायाम दिले. दुसऱ्या गटास आरोग्यविषयक व्याख्याने. मधे न बसता, कोणाचा आधार न घेता १५ मिनिटांत ४०० मीटर चालता येते का, हे वेळोवेळी पाहिले गेले. सरासरी २.६ वर्षांच्या पाठपुराव्यात व्याख्यानाच्या गटातील ३५.५ टक्के लोकांची ही क्षमता गेली, तर व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के लोकांची. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. फरक डोळे दिपविणारा नाही. परंतु शंभरातील पाच माणसे आपल्या पायांवर हिंडतीफिरती राहिली, तीही औषधाविना.

आता प्रश्न पैशाचा. चालण्याची बाटली भरून विकता येत नाही, म्हणून औषध कंपनी असल्या प्रयोगावर खर्च करील असे समजू नये. आपल्याकडे पिकांची फेरपालट किंवा वेळेवर दिलेली कोळपणी यांच्या प्रयोगांसाठी किती कंपन्या पुढे येतात? वरील प्रयोगाचा खर्च प्रामुख्याने तेथील सरकारच्या राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेने उचलला.

दुसरी अडचण काळाची. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गहू पद्धतीवर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. अशा प्रयोगांत नुसते नत्र दिलेले वाफे सुरुवातीस बरे पिकतात, जमिनीची खरी ओढ नंतर दिसते. मधेच एका वर्षी निधी तुटला, वाफे मोडले, तर मागचे सारे कष्ट वाया. माणसाच्या म्हातारपणाचेही तसेच आहे. एका वर्षी नाडी पाहून काय कळणार?

म्हणूनच मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 'लासी' हा देशव्यापी अभ्यास हाती घेतला. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, अमेरिकेची वर उल्लेखिलेली संस्था व संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी त्यास पैसा पुरविला. २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत ४५ वर्षे व त्यावरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० जणांची पाहणी झाली. हाताची पकड, चालण्याचा वेग, तोल, रक्तदाब हे सारे घरी जाऊन मोजले. त्याच माणसांकडे पुढील २५ वर्षे पुन्हा पुन्हा जावयाचे, असा आराखडा आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेतील प्रयोग बैठ्या लोकांवर झाला. चाळीस वर्षे वाकून खुरपणी केलेल्या बाईच्या गुडघ्यांना तोच व्यायाम मानवेल, असे त्यावरून ठरविता येत नाही. परमुलखातील वाण आपण प्रथम आपल्या मातीत चाचणी घेऊनच शिफारस करतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीच्या पुढचे १० कोटींहून अधिक लोक होते व दर दहांतील सुमारे सात खेड्यांत राहत होते. त्यांच्यासाठीची चाचणी येथेच, येथल्या निधीतून व्हावयास हवी. बियाण्याच्या एखाद्या वाणाइतकीच ही मागणी ग्रामसभेत व आपल्या आमदार-खासदारांकडे लावून धरण्याजोगी आहे.

असे पाहणी पथक दारी आल्यास ओळखपत्र पाहून घ्यावे, उद्देश विचारावा. माहिती देणे न देणे आपल्या संमतीवर असते. मात्र "म्हाताऱ्याला काय विचारता, मीच सांगतो" असे म्हणून मुलांनी पुढे होऊ नये. पकड त्यांच्या हाताची मोजावयाची असते.

वडिलांना डॉक्टरांकडे नेऊन आणले. थोडे थोडे चालण्यास हरकत नाही, असे त्यांनी सांगितले आहे. सध्या ते विहिरीपर्यंत जाऊन येतात.