नेंगाजो : जपानचं नववर्षाचं पोस्टकार्ड

जपानमध्ये १ जानेवारीला घरोघरी पोस्टकार्डांचा गठ्ठा येऊन पडतो. ही नेंगाजो, नववर्षाच्या शुभेच्छांची कार्डं. २५ डिसेंबरपर्यंत पेटीत टाकलेली कार्डं टपालखातं साठवून ठेवतं आणि बरोबर एक तारखेला वाटतं. आदल्या दिवशी नाही म्हणजे नाही!

मला सगळ्यात भारी वाटते ती त्यातली लॉटरी. १९४९ साली, युद्धानंतरच्या ओढगस्तीत, कार्डांवर बक्षिसाचे नंबर छापायला सुरुवात झाली. तेव्हाचं सर्वांत मोठं बक्षीस काय, तर शिलाई मशीन. नंबर आजही असतात, जानेवारीत सोडत निघते. आणि बक्षीस पाठवणाऱ्याला नाही, ज्याला कार्ड मिळालं त्याला!

वर्षभरात घरात कुणी गेलं असेल तर नेंगाजो पाठवत नाहीत. तसं आधीच साध्या कार्डाने कळवतात, म्हणजे समोरचेही पाठवत नाहीत.

२००४च्या नववर्षासाठी सुमारे ४४५ कोटी कार्डं छापली होती. पुढे मोबाइलने ती सवय मोडली, त्यात ऑक्टोबर २०२४मध्ये कार्डाचा दर ६३ येनवरून ८५ येन झाला. आता 'नेंगाजो-जिमाई' वाढतेय : 'पुढच्या वर्षीपासून पाठवणार नाही, राग नसावा' असं शेवटच्या नेंगाजोवरच रीतसर लिहायचं. तसा मजकूर छापलेली तयार कार्डंही मिळतात.