हायड्रिलाचे बुडबुडे आणि पहाटेचे मासे

खरीखुरी झाडं लावलेली माशांची टाकी कधी दुपारी उशिरा, दिवा लावून चार-पाच तास झाल्यावर बघितली आहे का? पानांच्या कडांना बारीक, लखलखीत बुडबुडे चिकटलेले असतात. मधूनच एखादा सुटतो आणि सरसर वर जातो. मासे पाळणारी मंडळी हे दिसलं की खूश होतात आणि खूश व्हावं असंच ते आहे. झाडाने नुकताच तयार केलेला ऑक्सिजन तुम्ही डोळ्यांनी बघत असता! एरवी हा वायू कुणाला दिसतो?

मग सकाळी हे बुडबुडे का नसतात? दिवा लागल्यापासून झाड ऑक्सिजन सोडतच असतं, पण सुरुवातीला तो पाण्यात विरघळून जातो. दुपारपर्यंत पाण्यात मावेल तेवढा ऑक्सिजन भरतो. त्यानंतरचा मात्र विरघळत नाही, बुडबुडा होऊन पानावर बसतो.

या बुडबुड्यांच्या मागे लागलेला एक डॉक्टर होता, यान इंगेनहाउझ. जन्माने डच, पेशाने वैद्य. १७७९ सालच्या उन्हाळ्यात त्याने लंडनजवळ एक घर भाड्याने घेतलं आणि तीनेक महिन्यांत सुमारे पाचशे प्रयोग केले. झाडांची पानं पाण्याखाली ठेवायची, भांडं उन्हात न्यायचं, मग सावलीत आणायचं आणि बघत बसायचं. त्याला दिसलं की उन्हात बुडबुडे भराभर येतात आणि अंधारात थांबतात. शिवाय हे काम झाडाचे हिरवे भागच करतात. पुढे १७८२ मध्ये जिनिव्हाच्या झाँ सेनेबिए याने दाखवून दिलं की ऑक्सिजन तयार करायला झाडाला कार्बन डायऑक्साइड लागतो.

इंगेनहाउझचा प्रयोग तुम्हीही करू शकता. माशांच्या दुकानातून हायड्रिलाची एक जुडी आणा. एक काडी ताजी कापून काचेच्या ग्लासात पाण्याखाली ठेवा, कापलेलं टोक वर. ग्लास उन्हात ठेवला की थोड्याच वेळात त्या टोकातून बुडबुड्यांची माळ सुटेल. एका मिनिटात किती येतात ते मोजा. मग ग्लास सावलीत न्या, पुन्हा मोजा. परत उन्हात आणा, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका आणि तिसऱ्यांदा मोजा. सोडा टाकल्यावर बहुतेक वेळा वेग वाढलेला दिसेल. (हे ग्लासातच करा बरं का, माशांच्या टाकीत सोडा टाकायचा नाही.)

सोड्याने असं काय होतं? पाण्याखालच्या झाडाला कार्बन डायऑक्साइडची कायमच चणचण असते. साधं पाणी हवेला उघडं ठेवलं, तर एका लिटरमध्ये या वायूचा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम विरघळतो. त्यातही पाण्यात वायू फार सावकाश पसरतात, हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश! पानाला चिकटलेल्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपला की नवा यायला वेळ लागतो. सोडा विरघळला की पाण्यात बायकार्बोनेट येतं आणि हायड्रिलाला त्यातून कार्बन मिळवण्याची युक्ती साधलेली आहे. पानाच्या खालच्या बाजूला ते पाणी थोडं आम्लधर्मी करतं, त्यामुळे बायकार्बोनेटचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो आणि पान तो आत घेतं. पाणी जड असेल तर याची खूण पानाच्या वरच्या बाजूला दिसते. तिथे चुन्याचा पांढुरका थर बसतो. बोअरच्या पाण्यावरच्या टाकीत पानं पांढरी दिसली, तर ती धूळ समजून पुसायला जाऊ नका.

मला त्याहूनही नवल वाटतं ते हायड्रिलाच्या दुसऱ्या युक्तीचं. ऊस, ज्वारी आणि मका ही पिकं कार्बन डायऑक्साइड आधी एका ठिकाणी पकडून साठवतात आणि मग वापरतात. त्यासाठी त्यांच्या पानात दोन प्रकारच्या पेशी असतात. पाणी गरम झालं आणि कार्बन डायऑक्साइड कमी पडला, की हायड्रिलाही जवळपास हेच करू लागतं, आणि तेही एकाच पेशीच्या आत. ज्याला आपण तळ्यातली कटकट म्हणून उपटून फेकतो, त्या झाडाची ही करामत!

आता रात्रीचं बघू. दिवा बंद झाला की ऑक्सिजन तयार होणं थांबतं, पण श्वास घेणं कुणाचंच थांबत नाही. मासे, गोगलगायी, वाळूतले जीवाणू आणि ती झाडंसुद्धा रात्रभर ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. दिवसाही हे चालूच असतं, फक्त तेव्हा झाडं घेतात त्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन सोडतात. म्हणून टाकीत ऑक्सिजन सगळ्यांत कमी असतो तो पहाटे. मासे काचेच्या वरच्या कडेशी येऊन तोंड उघड-मीट करताना दिसले, तर ते भुकेले आहेत असं समजून खाणं टाकू नका. त्यांना गुदमरतंय. (फायटर आणि गुरामी यांना मात्र वर येऊन हवा गिळायची सवयच असते, त्यासाठी त्यांच्या डोक्यात खास अवयव असतो.)

मुळात पाण्यात ऑक्सिजन असतोच किती? आपल्या भोवतालच्या एक लिटर हवेत तो साधारण २७० मिलिग्रॅम असतो. वीस अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात मात्र फार तर ९ मिलिग्रॅम मावतो, आणि तीस अंशांना साडेसात. म्हणजे मे महिन्यात पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि नेमकी तेव्हाच माशांना त्याची गरज जास्त असते. अशा दिवसांत रात्री एअर पंप चालू ठेवावा. पंपातून निघालेले बुडबुडे पाण्याचा वरचा थर ढवळतात, आणि पाण्याची हवेशी खरी देवाणघेवाण त्या वरच्या थरातच होते. फिल्टरचं तोंड थोडं वर करून पाण्यावर लाटा उठवल्या तरी तेच काम होतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटतं की टाकीतले ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन वायू सी-सॉवर बसलेत, एक वर गेला की दुसरा खाली आलाच पाहिजे. तसं नाही! प्रत्येक वायू पाण्यात आपापल्या हिशेबाने विरघळतो, दुसऱ्याची जागा बळकावत नाही. भर दुपारी एकाच टाकीत दोन्ही भरपूर असू शकतात. झाडं जोमाने वाढावीत म्हणून हौशी लोक सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो लिटरला वीस ते तीस मिलिग्रॅमपर्यंत नेतात. तरीही पानं ऑक्सिजनच्या बुडबुड्यांनी चमकत असतात.

पण म्हणूनच एक धोका लपून राहतो. समजा, सिलिंडरची चावी जास्त उघडली गेली. पाण्यात ऑक्सिजन भरपूर आहे, तरी मासे वर येऊन तोंड उघडताहेत. असं कसं? माशाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांमधून पाण्यात जात असतो. पाण्यातच तो इतका झाला की बाहेर पडणं अवघड होतं. रक्त आम्लधर्मी होतं आणि त्याची ऑक्सिजन धरून ठेवण्याची ताकद घटते. भोवती ऑक्सिजन असूनही माशाला तो मिळत नाही. अशा वेळी सिलिंडर बंद करून पाणी जोरात ढवळलं, की जादा कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो. सिलिंडर दिव्याबरोबर चालू आणि दिव्याबरोबर बंद करायचा, तो यासाठीच. अंधारात झाडं तो वापरतच नाहीत.

वेळेआधी कळावं म्हणून टाकीत ड्रॉप चेकर नावाचा काचेचा छोटा फुगा लावतात. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लू हे रंग बदलणारं द्रावण असतं. निळं असेल तर कार्बन डायऑक्साइड कमी, हिरवं असेल तर ठीक, पिवळं झालं तर फार जास्त. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, तेव्हा माशांकडेही लक्ष हवंच.

झाडं आणि मासे एवढ्यावरच सगळं भागतं का? लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने हे करून बघितलं. दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची झाडं त्याने काचेच्या मोठ्या भांड्यात ठेवली. सुरुवातीला छान चाललं. मग जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर शेवाळ धरलं. कुजणाऱ्या प्रत्येक पानावर जीवाणू जगतात आणि ते ऑक्सिजन खर्च करतात. तुम्ही टाकलेलं जास्तीचं खाणं तळाशी कुजतं, तेव्हाही हेच होतं. वॉरिंग्टनने भांड्यात पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ फस्त केलं, पाणी पुन्हा नितळ झालं. १८५० मध्ये त्याने हे सगळं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडलं. त्यात एक गंमतही होती. गोगलगायींनी घातलेली अंडी आणि त्यांची पिल्लं गोल्डफिशना आयतीच खायला मिळत होती.