घर पाहावं विचारून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलोय. लग्नाला आपल्याला अजून वेळ आहे (आधी सबमिशन तरी संपू दे!), पण घराचा अनुभव मात्र मला गेल्या मे महिन्यात आला. तो इथे लिहितोय, कारण आज ना उद्या तुमच्याही घरी हा विषय निघणारच आहे. आपल्या स्टाफपैकी काही जण तर सध्या याच धावपळीत आहेत.

माझे बाबा एस.टी.त होते. निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे हातात आले आणि त्यांनी ठरवलं, पन्हाळ्यावर एखादं जुनं घर घ्यायचं. खाली आपण राहायचं, वर दोन खोल्या काढून पर्यटकांना द्यायच्या. म्हणजे आयुष्यभराची कमाई एकाच ठिकाणी जाणार होती. कुणाच्या तरी ओळखीतून एक एजंट मिळाला. बोलायला एकदम गोड. ‘काका, असं घर परत मिळायचं नाही. उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, आजच इसार देऊन टाका.’ बाबांनी पन्नास हजार खिशात आणलेलेच होते.

मी सिव्हिलचा, थर्ड इयरचा. घर बघताना एक गोष्ट खटकली. डोंगराकडच्या एकाच भिंतीला कमरेपर्यंत नवं प्लास्टर होतं, बाकी भिंती जुन्याच. रंग मात्र सगळीकडे ताजा. विचारलं तर एजंट म्हणाला, ‘किरकोळ डागडुजी हो!’ बाहेर आलो तर शेजारच्या आजी पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘पोरा, मे महिन्यात काय बघतोस? आषाढात येऊन बघ, त्या भितीतनं पाझर फुटतोय.’

पन्हाळ्याचा पाऊस होस्टेलवाल्यांना नव्याने सांगायला नको. आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. जांभा दगड पाणी पितो आणि सावकाश सोडत राहतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तर गडावर येणारा मुख्य रस्ताच खचला होता. इथल्या घराची खरी परीक्षा पावसाळ्यात, आणि घरं दाखवली जातात उन्हाळ्यात!

त्या दिवशी मी बाबांना कसंबसं थांबवलं आणि कोल्हापूरला ओळखीच्या एका वकीलसाहेबांकडे घेऊन गेलो. त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट एजंटची. एजंटला पहिला प्रश्न विचारायचा : ‘तुम्हाला कमिशन कोण देणार?’ बरेचदा तो दोन्हीकडून घेतो आणि व्यवहार मोडला तर त्याला काहीच मिळत नाही. म्हणजे तो वाईटच असतो असं नाही, पण त्याची घाई ही त्याची असते, आपली नव्हे. कमिशन किती आणि कधी द्यायचं हे आधीच कागदावर घ्यावं. मूळ मालकाशी समोरासमोर भेट घालून देतो का, आणि कागदपत्रांच्या प्रती इसारापूर्वी देतो का, हे बघावं. या दोन्हीला टाळाटाळ करणारा एजंट सोडून द्यावा.

नवीन प्रकल्पातला फ्लॅट घेणाऱ्यांसाठी २०१६ चा रेरा कायदा आहे. महाराष्ट्रात त्यासाठी ‘महारेरा’ हे प्राधिकरण आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकणाऱ्या एजंटलाही स्वतःची महारेरा नोंदणी लागते. तो नंबर वेबसाइटवर तपासता येतो. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला, तर तो बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. उद्या नोकरी लागून पुण्याला फ्लॅट घ्याल तेव्हा हे लक्षात ठेवा. पण पन्हाळ्यावरचं जुनं घर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातं, तिथे हा कायदा कामाला येत नाही.

मग तिथे काय? तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचं कलम ५५ म्हणतं, की मिळकतीत किंवा मालकीहक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक धरली जाते.

यातली मेख ‘साधारण काळजी’ या दोन शब्दांत आहे. उघड दिसणारी भेग आपण बघितली नाही, तर चूक आपली. नवं प्लास्टर मारून लपवलेला पाझर ही वेगळी गोष्ट. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं हे १८७२ च्या करार कायद्यातही फसवणुकीत मोडतं. पण सातबारावरच्या ‘इतर हक्कात’ लिहिलेला बँकेचा बोजा किंवा नोंदलेलं गहाणखत आपण बघितलंच नाही, तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून चालत नाही. म्हणून सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट हवाच.

आमच्या बाबतीत दुसराही घोळ होता. पन्हाळ्यावर केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे, दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढचे २०० मीटर परवानगीशिवाय बांधता येत नाही. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण वर दोन खोल्या काढणाऱ्याने आधी टेप घेऊन अंतर मोजावं! हे घर १०० मीटरच्या आत होतं. एजंट म्हणाला होता, ‘परवानगीचं बघून घेऊ.’

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात घर विकणाऱ्याला ठरावीक फॉर्म भरून दोष लिहून द्यावे लागतात. आपल्याकडे जुन्या घरासाठी असा छापील फॉर्म नाही. पण त्याच कलम ५५ मध्ये एक सोय आहे. मिळकतीबद्दल आणि मालकीबद्दल घेणाऱ्याने विचारलेल्या संबंधित प्रश्नांना विकणाऱ्याने आपल्या माहितीप्रमाणे उत्तर द्यायचं आणि मागितल्यास कागदपत्रं दाखवायची. म्हणजे विचारणं हा आपला हक्क आहे. वकीलसाहेब म्हणाले, ‘तोंडी विचारू नका. लिहून विचारा, सहीनिशी उत्तर घ्या.’ आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. खरेदीखतात वेगळं ठरलं असेल तर या कलमाचं संरक्षण कमी होऊ शकतं. ‘मिळकत समक्ष पाहून, खात्री करून, आहे त्या स्थितीत घेतली आहे’ असं वाक्य दिसलं की सही करण्याआधी थांबायचं.

त्या रात्री होस्टेलवर बसून मी वहीच्या पानावर आठ प्रश्न लिहिले. पावसात कुठे गळतं? पाझर आहे का? अलीकडे कोणती दुरुस्ती केली आणि का? जमीन किंवा पाया कधी खचला का? स्मारकापासून अंतर किती, बांधकामाची परवानगी कधी नाकारली गेली का? कर्ज, गहाण, कोर्टकेस आहे का? वारस किती, सगळ्यांची संमती आहे का? रस्ता आणि पाण्याचा हक्क कागदावर आहे का?

पान बघून एजंट वैतागला. ‘असलं कोण लिहून देतंय काका?’ मग आम्ही थेट मालकांकडे गेलो. म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा लावला, पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘अहो, पाझराचं मी एजंटाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वरच्या मजल्याला परवानगी मिळणार नाही हे पण.’ त्यांनी सगळी उत्तरं स्वतःच्या हाताने लिहून सही केली. लपवलं होतं ते मधल्या माणसाने. आणि आम्ही मालकांना कधी विचारलंच नव्हतं.

बाबांनी ते घर घेतलं नाही. घाट उतरताना ते फार बोलले नाहीत. स्वप्न मोडल्याचं वाईट वाटलंच. पण पन्नास हजार खिशातच होते आणि फंड बँकेत. सध्या ते खालच्या एका गावात घर बघतायत, आणि या वेळी पावसाळ्यात!

आठ प्रश्नांची झेरॉक्स माझ्या रूमवर आहे. कुणाच्या घरी व्यवहार चालू असेल तर मेसनंतर येऊन घेऊन जा. सही करण्याआधी मात्र वकिलाला दाखवायला विसरू नका.