गारवा कुठे जातो?

वैशाखात हातखंब्याच्या वाटेने प्रवासी नेणाऱ्या चालकाला पहिला बोल ऐकावा लागतो तो ‘एसी चालू नाही का?’ हा. गॅरेजात निदान ठरलेले: गॅस संपला, भरा. मला ते पटत नाही. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो जळत नाही. बऱ्याच गाड्यांतला आर-१३४ए मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. बंद नळ्यांत उकळताना आतली उष्णता उचलतो आणि रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये बाहेर टाकतो. तो कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. ती न बुजवता भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. आणि जास्त भरला तरी गारवा घटतोच.

आधी झोतावर हात धरा. झोतच मंद असेल तर बहुधा एसीचा फिल्टर तांबड्या धुळीने तुंबलेला असतो. तो काढून पाहायला पैसा लागत नाही. धावताना गार, उभी राहिली की कोमट, तर कंडेन्सर आणि त्याचा पंखा पाहा. आपला खारा वारा कंडेन्सर पोखरतो. त्यावर गोड्या पाण्याची मंद धार सोडावी. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. धावतानाही कोमटच असेल तर कॉम्प्रेसर धरतो का ते पाहून दाब मोजायला सांगा. गॅस कमी निघाला तर भरण्यापूर्वी गळती दाखवा म्हणावे. पैसे चालकाच्या दिवसाच्या कमाईतून जायचे आहेत.